कम्युनिटी कॉलेजातून बायोइंजिनीअरिंग: कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांची आखणी

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या कॅटलॉगमध्ये ‘बायोइंजिनीअरिंग’ नावाची पदवी सापडणार नाही, तेव्हा ती शोधत बसू नका. इथे चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षं पुरी करायची असतात: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि थोडं प्रोग्रॅमिंग. पुढची दोन वर्षं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, यांच्या एखाद्या कॅम्पसवर. अधल्यामधल्या उडीला ट्रान्सफर म्हणतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे भागात वाढलेली, घरून कॉलेजला जाणारी मुलं आणि त्यांचे आईवडील. आणि महाराष्ट्रातून बारावी करून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येऊ पाहणारे विद्यार्थी. दोघांचे विषय सारखेच असतात, पैशाचा आणि व्हिसाचा हिशेब मात्र पार वेगळा.

आधी विद्यापीठ, मग कॉलेज, मग विषय

बहुतेकांची गाडी इथेच उलटी सुटते. घराजवळच्या कॉलेजात नाव घातलं जातं, मिळतील ते वर्ग घेतले जातात आणि दीड वर्षाने कळतं की हव्या त्या कॅम्पसला लागणारा एक विषय या कॉलेजात शिकवतच नाहीत. म्हणून आखणी शेवटाकडून करायची.

पहिल्याच आठवड्यात तीन ते पाच कॅम्पस कच्चे ठरवा. नावांकडे नीट बघा, कारण एकच विद्याशाखा वेगवेगळ्या पाट्यांखाली मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, रिव्हरसाइड आणि मर्सेड इथे ती बायोइंजिनीअरिंग आहे. डेव्हिस आणि अर्व्हाइन इथे बायोमेडिकल इंजिनीअरिंग. सांता क्रूझला बायोमॉलिक्युलर इंजिनीअरिंग अँड बायोइन्फर्मॅटिक्स, आणि तिथला भर जनुकीय माहिती व कोडिंगवर आहे. डेव्हिसमध्येच बायॉलॉजिकल सिस्टिम्स इंजिनीअरिंग नावाची आणखी एक शाखा आहे. ती शेती, अन्न आणि पाण्याकडे झुकते. कृत्रिम गुडघे किंवा हृदयाचे व्हॉल्व्ह डोक्यात असलेल्याने चुकून ती निवडू नये. सीएसयूमध्ये सॅन होजे स्टेट, लाँग बीच आणि कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो इथे बायोमेडिकल इंजिनीअरिंग आहे.

आता असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. कोणत्या कॉलेजचा कोणता वर्ग कोणत्या कॅम्पसच्या कोणत्या वर्गाऐवजी चालतो, याची ती अधिकृत सरकारी नोंद आहे. शैक्षणिक वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, जायचा कॅम्पस निवडा आणि मग ‘मेजर’प्रमाणे, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाप्रमाणे, यादी उघडा. डावीकडे विद्यापीठाचा विषय असतो, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. वाचताना तीन गोष्टींवर बोट ठेवायचं.

एक, उजवीकडे दोन-तीन वर्ग ‘अँड’ने जोडलेले असतील तर ते सगळे मिळून एक धरले जातात. त्यातला एक राहिला तर बाकीच्यांचा त्या विषयापुरता उपयोग शून्य. दोन, ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या कॉलेजात त्याला जोड नाही. मग शेजारच्या कॉलेजची यादी उघडा. एक विषय दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजातून करायला यूसीची हरकत नसते. तीन, काही विषय ‘प्रवेशासाठी आवश्यक’ असतात आणि काही ‘घेतलेत तर बरं’. वेळ अपुरा पडतो तेव्हा दुसऱ्या गटाला कात्री लावायची.

पाच कॅम्पसच्या याद्या एका तक्त्यात शेजारी शेजारी उतरवा: ओळीत विषय, स्तंभात कॅम्पस. पाचही स्तंभांत खूण असलेले विषय आधी करायचे. ऑरगॅनिक केमिस्ट्री कुठे एक सेमिस्टर लागते, कुठे दोन, कुठे मुळीच नाही. प्रोग्रॅमिंग कुठे मॅटलॅब मागतात, कुठे पायथन किंवा सी++. हे फरक तक्त्यातच दिसतात, काउन्सेलरच्या अर्ध्या तासाच्या भेटीत सगळे निघत नाहीत. तक्ता घेऊनच त्या भेटीला जा. सर्वसाधारण काउन्सेलरपेक्षा इंजिनीअरिंग किंवा सायन्स विभागाचा काउन्सेलर मागून घेतलेला बरा.

सध्या एक नवी भानगड आहे. राज्यभरातल्या कॉलेजांत समान क्रमांक देण्याचं काम चालू आहे, त्यामुळे इंग्रजीचा पहिला वर्ग आता ‘इंग्लिश सी १०००’ झालाय आणि इतर विषयांचे क्रमांकही टप्प्याटप्प्याने बदलतायत. जुनी यादी आणि नवं वेळापत्रक ताडताना क्रमांक जुळला नाही तर विषयाच्या नावावरून आणि कॅटलॉगमधल्या ‘पूर्वीचा क्रमांक’ या नोंदीवरून खात्री करा.

पैसा, रेसिडेन्सी, व्हिसा

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला फी युनिटमागे, म्हणजे वर्गाचा भार मोजायच्या एककामागे, ४६ डॉलर. ६० सेमिस्टर युनिटांचे २,७६० डॉलर होतात आणि पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला अनेक कॉलेजं पहिली दोन वर्षं तेही माफ करतात. पुस्तकांसाठी वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण असलेले वर्ग शोधा, गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीची मोफत पुस्तकं ओपनस्टॅक्स या संकेतस्थळावर आहेत आणि ती चांगली आहेत.

रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याआधी राज्यात एक वर्षाहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे लागतात. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्या आईवडिलांसोबत मिळणाऱ्या व्हिसावर, असलेली मुलं कॅलिफोर्नियात रहिवासी ठरू शकतात. एफ-१ वर असलेली ठरू शकत नाहीत. मराठी घरांत हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण ग्रीनकार्डच्या रांगेत अनेक वर्षं जातात आणि मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. ट्रान्सफरची दोन वर्षं नेमकी १८ ते २१ या वयात येतात. वीस पूर्ण व्हायच्या आतच इमिग्रेशन वकिलाला आणि कॉलेजच्या ॲडमिशन्स ऑफिसला दोन्हीकडे विचारा: स्टेटस बदलल्यावर फी कोणत्या दराने लागेल? यूसीचं पत्र हातात आल्यावर हा प्रश्न विचारला तर उशीर झालेला असतो.

एफ-१ वर येणाऱ्याला अनिवासी दर लागतो, तो बहुतेक कॉलेजांत युनिटमागे ४०० डॉलरच्या आगेमागे असतो. दर सेमिस्टरला निदान १२ युनिटं घ्यावीच लागतात आणि त्या बारात फक्त एक ऑनलाइन वर्ग, म्हणजे जास्तीत जास्त ३ युनिटं, धरला जातो. काम कॅम्पसवरच, सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेव्हिस या सरकारी यंत्रणेची फी ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाची १८५ डॉलर वेगळी.

एजंट लोक सहसा सांगत नाहीत ते इथे सांगून टाकतो. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून एफ-१ विद्यार्थ्याला यूसीत रहिवाशाच्या दराने फी लागत नाही. यूसीत अनिवासींना नेहमीच्या फीवर आणखी वर्षाला ३७ हजार डॉलरहून जास्त भरावे लागतात. बचत पहिल्या दोन वर्षांत होते, शेवटच्या दोन वर्षांत नाही. घरच्यांनी चारही वर्षांचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा.

मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला ‘थेट विद्यापीठ का नाही?’ हा प्रश्न येतोच असं धरून चला. कोणते विषय, कोणता कॅम्पस, चार वर्षांचा खर्च कोण करणार, हे दोन-तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. वर सांगितलेला तक्ता केलेला असेल तर उत्तर पाठ करावं लागत नाही.

साखळ्या

बायोइंजिनीअरिंगला यंत्राचं गणित आणि जिवाचं रसायन दोन्ही लागतं. म्हणून कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकलवाल्यांपेक्षा इथे विषय जास्त होतात. प्रत्येक विषयाला आधीचा विषय उत्तीर्ण असण्याची अट असते आणि वेळापत्रक ठरतं ते या अटींवरून.

गणित: कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स.

फिजिक्स: मेकॅनिक्स, त्यानंतर विद्युत-चुंबकत्व, काही कॅम्पसना तिसरा भागही लागतो. मेकॅनिक्सला कॅल्क्युलस एक आधी हवं.

केमिस्ट्री: जनरल एक, जनरल दोन, मग ऑरगॅनिक एक आणि लागली तर दोन.

बायोलॉजी: मेजरसाठीचा पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राचा वर्ग. बऱ्याच कॉलेजांत त्याआधी जनरल केमिस्ट्री लागते.

यात चुकीचा वर्ग घेणं अगदी सोपं आहे. एकाच कॉलेजात फिजिक्सच्या दोन-तीन मालिका असतात. एक कॅल्क्युलसवर आधारलेली, इंजिनीअरसाठी. दुसरी बीजगणितावर आधारलेली, जीवशास्त्र आणि मेडिकलकडे जाणाऱ्यांसाठी. बायोइंजिनीअरिंगच्या नावात ‘बायो’ बघून मुलं दुसरी घेतात आणि वर्ष जातं. कॅल्क्युलसचंही तसंच: बिझनेस किंवा लाइफ सायन्सचं ‘शॉर्ट कॅल्क्युलस’ इथे चालत नाही. केमिस्ट्रीत नर्सिंगसाठीचा वर्ग आणि बायोलॉजीत ‘मेजर नसलेल्यांसाठी’चा वर्ग, दोन्ही टाळा. खूण एकच: वर्गाचा क्रमांक असिस्टच्या तुमच्या मेजरच्या यादीत आहे का? नसेल तर नाव कितीही जवळचं वाटो, घेऊ नका.

बारावीला पीसीबी घेऊन गणित सोडलेल्यांनी जास्तीचा वेळ धरावा. कॅलिफोर्नियात कायद्याने आता सायन्सच्या विद्यार्थ्यांना शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्येच बसवतात, सोबत मदतीचा जोडवर्ग देऊन. ते ऐकायला छान वाटतं. त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम हातात नसतील तर मात्र सहाव्या आठवड्यात दम लागतो. प्रीकॅल्क्युलसचा पर्याय मिळत असेल तर घ्या, नाहीतर येण्याआधीच्या सुट्टीत बारावीचं गणिताचं पुस्तक काढून डेरिव्हेटिव्हपर्यंत उदाहरणं सोडवा. पीसीएमवाल्यांना पहिलं कॅल्क्युलस बरंच ओळखीचं वाटतं, पण महाराष्ट्र बोर्डाच्या गुणांवर इथे युनिट मिळत नाहीत. एपी आणि आयबी हायर लेव्हल या शाळेतल्या परीक्षांवर मिळतात. ते कोणत्या विषयाऐवजी धरायचे हे प्रत्येक कॅम्पस वेगळं ठरवतो.

भारतात बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंगचं एखादं सेमिस्टर झालं असेल तर ते लपवू नका. यूसीच्या अर्जात शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची नोंद करावी लागते, नापास झालेल्याचीही. नंतर उघड झालं तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

चार सेमिस्टर

थेट कॅल्क्युलसपासून सुरू करणाऱ्याची मांडणी साधारण अशी बसते.

पहिलं सेमिस्टर, फॉल, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर: कॅल्क्युलस एक, जनरल केमिस्ट्री एक, इंग्रजी लेखन. सुमारे १३ युनिटं.

दुसरं, स्प्रिंग, म्हणजे जानेवारी ते मे: कॅल्क्युलस दोन, जनरल केमिस्ट्री दोन, फिजिक्स मेकॅनिक्स. सुमारे १४.

उन्हाळा: प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजीचा दुसरा वर्ग. ऑरगॅनिक केमिस्ट्री उन्हाळ्यात घेऊ नये; सहा-आठ आठवड्यांत ती पचत नाही.

तिसरं, फॉल: कॅल्क्युलस तीन, विद्युत-चुंबकत्व, ऑरगॅनिक एक. याच सेमिस्टरमध्ये यूसीचा अर्ज भरायचा असतो, हे विसरू नका.

चौथं, स्प्रिंग: लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, बायोलॉजी, आणि गरज असेल तिथे ऑरगॅनिक दोन.

कागदावर १४ युनिटं कमी वाटतात. प्रत्यक्षात लॅबचे तीन तास मिळून एकच युनिट होतं. पाच युनिटांच्या केमिस्ट्रीत अनेक कॉलेजांत आठवड्याला तीन तास लेक्चर आणि सहा तास लॅब असते. कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि फिजिक्स एकत्र घेतलं की वीसेक तास नुसते वर्गात जातात, रिपोर्ट आणि गृहपाठ वेगळा. शनिवार-रविवार दुकानात काम करून हे जमवणारी मुलं आहेत. त्यांनी तीन वर्षांची आखणी करावी. प्रवेश देताना यूसी दोन की तीन वर्षं हे सहसा मोजत नाही, ग्रेड मोजते. प्रीकॅल्क्युलसपासून सुरू करणाऱ्याला तीन वर्षं लागतातच.

चौथ्या सेमिस्टरमध्ये सगळं कोंबलं जातं तेव्हा जनरल एज्युकेशनचे वर्ग बाजूला ठेवा. कॅल-जेटेक नावाचा ११ वर्गांचा, ३४ युनिटांचा संच यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालतो आणि काउन्सेलर तो सगळ्यांना सुचवतात. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने आधी मेजरची तयारी पुरी करावी. यूसीच्या किमान अटीतले सात वर्ग, म्हणजे इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि इतर चार, वरच्या आखणीत जवळजवळ आपोआप बसतात. त्या चारांत मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांचा निदान एक वर्ग असल्याची खात्री करा. सीएसयूला जायचं असेल तर भाषण आणि क्रिटिकल थिंकिंगचे वर्गही लागतात. ‘जीवशास्त्रातली ट्रान्सफर डिग्री घे, ती सोपी’ असा सल्ला मिळाला तर तपासून घ्या: तिच्यात गणित-फिजिक्स बायोइंजिनीअरिंगला पुरेल इतकं सहसा नसतं.

क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल ही क्वार्टर पद्धतीची कॉलेजं आहेत. तिथे वर्षाचे तीन भाग, कॅल्क्युलस १ए ते १डी असं चार तुकड्यांत आणि जनरल केमिस्ट्री १ए ते १सी अशी तीन तुकड्यांत. ट्रान्सफरला ९० क्वार्टर युनिटं लागतात. वेग जास्त: पहिली परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. मालिका अर्धी इथे आणि अर्धी सेमिस्टरच्या कॉलेजात केली तर असिस्टवरची जोड तुटते. एक मालिका एकाच कॉलेजात संपवा.

लॅबमध्ये हात बसवणं

तिसऱ्या वर्षी यूसीत पोचलात की पहिल्याच सत्रात लॅबचे वर्ग असतात आणि तिथे कुणी पिपेट धरायला शिकवत बसत नाही. कम्युनिटी कॉलेजचा मोठा फायदा असा की वर्ग लहान असतात, उपकरणासाठी रांग छोटी असते आणि शिकवणारे स्वतः लॅबमध्ये उभे असतात. त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्या. शक्य असेल तर बायोटेक विभागाचा एखादा लॅब वर्ग जोडीला घ्या. ओलोनी, मिराकोस्टा, सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को अशा कॉलेजांत ते विभाग आहेत.

पहिलं कौशल्य मायक्रोपिपेट. पी-२० हे २ ते २०, पी-२०० हे २० ते २००, आणि पी-१००० हे १०० ते १,००० मायक्रोलिटरसाठी. बटणाला दोन थांबे असतात: पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत गेलात तर जास्त द्रव येतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. स्वतःची परीक्षा घेणं सोपं आहे: १०० मायक्रोलिटर पाणी वजनकाट्यावर सोडा, ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. दहा वेळा करून बघा. आकडे एकाच बाजूला सरकत असतील तर पिपेट तपासायला द्या. वरखाली उड्या मारत असतील तर दोष हाताचा.

दुसरं, तीव्रतेचा हिशेब. उदाहरणार्थ, जिवाणू वाढवायच्या ५०० मिलिलिटर अगारमध्ये अँपिसिलिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं आणि साठा १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा आहे. एकूण लागणार ५० मिलिग्रॅम, म्हणजे साठ्यातला अर्धा मिलिलिटर. हे तोंडी करता यायला हवं. आणि अगार साधारण ५० ते ५५ अंशांपर्यंत निवल्यावरच अँपिसिलिन घालायचं. उकळत्या अगारमध्ये घातलं तर औषध मोडतं आणि प्लेटवर सगळेच जिवाणू उगवतात.

तिसरं, बॅक्टेरियल ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे जिवाणूत बाहेरून जनुक घालणं. अमेरिकेतल्या कित्येक कॉलेजांत हे पी-ग्लो प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या वर्तुळावर, शिकवतात. त्या प्लास्मिडमध्ये जेलीफिशकडून आलेलं हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक आणि अँपिसिलिनला तोंड देणारं जनुक असतं. २५० मायक्रोलिटर थंड कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ई. कोलायची एक वसाहत मिसळतात, प्लास्मिड घालतात, १० मिनिटं बर्फात, ५० सेकंद ४२ अंशांच्या पाण्यात, पुन्हा २ मिनिटं बर्फात. मग २५० मायक्रोलिटर पोषक द्रव घालून १० मिनिटं थांबायचं आणि प्रत्येक प्लेटवर १०० मायक्रोलिटर पसरून रात्रभर ३७ अंशांत ठेवायचं.

बिघडतं ते इथे. अँपिसिलिनच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही? बर्फातून गरम पाण्यात जाताना नळी हातात रेंगाळली असेल, किंवा प्लास्मिड पडलंच नसेल. तो थेंब इतका छोटा असतो की उजेडासमोर धरून बघावा लागतो. वसाहती आल्या पण अतिनील दिव्याखाली चमकत नाहीत? त्या प्लेटमध्ये ॲरॅबिनोज साखर नाही. चमकणारं जनुक या साखरेशिवाय चालूच होत नाही, आणि ती नसलेली प्लेट मुद्दाम तुलनेसाठी ठेवलेली असते. मोठ्या वसाहतींभोवती बारीक ठिपके दिसतात? प्लेट जास्त वेळ ठेवली गेली; मोठ्या वसाहतींनी भोवतालचं अँपिसिलिन संपवलं आणि प्लास्मिड नसलेल्यांना जागा मिळाली. ते ठिपके उचलून पुढचा प्रयोग करू नका.

चौथं, जेल, ज्यात डीएनएचे तुकडे विजेने सरकवून लांबीनुसार वेगळे करतात. एक टक्क्याचं ॲगरोज म्हणजे ५० मिलिलिटर बफरमध्ये अर्धा ग्रॅम. बफरऐवजी नुसत्या पाण्यात बनवलं तर डीएनए नीट सरकत नाही. डीएनए ऋण भाराचा, तो लाल तारेकडे धावतो. तारा उलट्या लावल्या तर पाच-दहा मिनिटांत खड्ड्याच्या मागच्या बाजूने जेलबाहेर पडतो. वीज सुरू केल्यावर दोन मिनिटांनी नमुन्यात मिसळलेला निळा रंग कोणत्या दिशेला चाललाय ते बघायची सवय लावा.

वही बांधीव, पानांना क्रमांक असलेली आणि पेनाने लिहिलेली. चूक एका रेघेने खोडायची, शेजारी सही आणि तारीख. बायोटेक कंपन्यांत नेमकी हीच शिस्त लागते.

ग्रेड, डब्ल्यू आणि जागा न मिळणं

मेजरच्या प्रत्येक विषयात निदान सी लागते, पण ती फक्त दारात उभं राहण्याची अट. यूसीला रहिवाशांसाठी किमान जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, २.४ आणि अनिवासींसाठी २.८ आहे, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या बायोइंजिनीअरिंगसाठी त्या आकड्यांचा विचारही करू नका, तिथे बहुतेक ए आणि थोड्या बी असलेल्यांशी गाठ असते. सी मिळालेला वर्ग ग्रेड सुधारायला पुन्हा घेता येत नाही. डी किंवा एफ असेल तरच. एक वर्ग तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यू, म्हणजे वर्ग मध्येच सोडल्याची नोंद, हीही त्या तिनांत धरतात. म्हणून मधल्या परीक्षेनंतर सीच्या काठावर असाल तर वर्ग सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी शिक्षकांना भेटून खरा अंदाज घ्या. एफ-१ वाल्यांनी डब्ल्यू घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचंच, १२ युनिटांखाली गेलात तर स्टेटस धोक्यात येतं. मेजरचे विषय पास/नो-पासवर, म्हणजे ग्रेडशिवाय, घेऊ नका.

ऑरगॅनिक आणि दुसरं फिजिक्स यांच्या जागा पहिल्या दिवशीच भरतात. मेसा या गणित-विज्ञान-इंजिनीअरिंगवाल्यांना मदत करणाऱ्या किंवा ऑनर्स कार्यक्रमात नाव असेल तर काही कॉलेजांत लवकर नोंदणी करता येते. वेटलिस्टवर असाल तर पहिल्या लॅबला हजर राहा. पहिल्या दिवशी न आलेल्यांना काढतात आणि तिथे उभा असलेल्याला घेतात. ऑनर्सबद्दल एक गैरसमज दूर करू: यूसीएलएचा, म्हणजे यूसी लॉस एंजेलिसचा, ऑनर्सवाल्यांना ट्रान्सफरमध्ये प्राधान्य देणारा टॅप कार्यक्रम तिथल्या लेटर्स अँड सायन्स शाखेसाठी आहे, इंजिनीअरिंगसाठी त्याचा थेट फायदा नाही.

संशोधनाच्या उन्हाळी जागा शोधताना पात्रता आधी वाचा. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू, म्हणजे पगारी उन्हाळी संशोधनाच्या, जागा नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी असतात. एच-४ वर पगारी काम करता येत नाही. अशांनी कॉलेजातल्याच शिक्षकांकडे लॅब तयारीचं बिनपगारी किंवा स्वतंत्र अभ्यासाच्या युनिटाचं काम मागावं, आणि तेही आधी कॉलेजच्या ऑफिसला विचारून.

ट्रान्सफर न करताही एक वाट आहे. ओशनसाइडचं मिराकोस्टा आणि सोलानो काउंटीतलं सोलानो ही कम्युनिटी कॉलेजं बायोमॅन्युफॅक्चरिंगची चार वर्षांची पदवी स्वतःच देतात. कारखान्यात पेशी वाढवणं, प्रथिनं शुद्ध करणं, कागदपत्रं चोख ठेवणं असं काम आवडणाऱ्याला ती जास्त जवळची. तिच्यात बायोइंजिनीअरिंगइतकं गणित नाही.

अर्जाचं कॅलेंडर

१ ते ३० सप्टेंबर: टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पुऱ्या केल्यास जागेची हमी देतात. एकाच कॅम्पसला टॅग करता येतं. अर्जाआधीच्या उन्हाळ्याअखेर ३० सेमिस्टर किंवा ४५ क्वार्टर युनिटं झालेली हवीत. इंजिनीअरिंगसाठी जीपीएची आणि विषयांची अट वेगळी, जास्त कडक असते, आणि सांता बार्बराचं कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग या हमीत नाही. त्या वर्षीचा टॅगचा तक्ता मेजरच्या नावाने वाचा.

१ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर: यूसीचा अर्ज दाखल करणं. भरायला १ ऑगस्टपासून मिळतो. कॅम्पसमागे ८० डॉलर, परदेशी विद्यार्थ्यांना ९५. टॅग केलं तरी हा अर्ज भरावा लागतोच; दरवर्षी काहीजण हे विसरतात. सीएसयूचा अर्जही याच सुमारास, वेगळ्या पोर्टलवर.

चार छोटे निबंध, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. त्यातला ‘या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केली’ हा ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा. इथे ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ लिहून जागा घालवू नका. कोणता प्रयोग बिघडला, का बिघडला असं वाटलं, ते कसं तपासलं, पुढे काय बदललं, हे आकड्यांसकट लिहा. लॅबची वही इथे कामाला येते.

जानेवारीअखेर: ट्रान्सफर ॲकॅडमिक अपडेट. फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय त्यात भरायचे. हा फॉर्म राहून गेला तर चांगला अर्जही मागे पडतो, कारण कॅम्पसला तिसऱ्या सेमिस्टरच्या ग्रेड दिसतच नाहीत.

एप्रिलअखेरपर्यंत निकाल, १ जूनपर्यंत होकार. प्रवेशपत्र सशर्त असतं. अर्जात लिहिलेला प्रत्येक स्प्रिंग विषय पुरा करायचा. एखादा वर्ग रद्द झाला किंवा सोडावा लागला तर त्याच आठवड्यात कॅम्पसला पोर्टलवरून कळवा. आधी कळवलेल्याला बऱ्याचदा मार्ग मिळतो, जुलैत ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे गुणपत्रकावरून, उघड झालेल्याला क्वचित. शेवटची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवायची, शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची. एफ-१ वाल्यांनी कॉलेज संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सेव्हिसची नोंद नव्या कॅम्पसकडे सरकवून घ्यायची आणि नवा आय-२०, म्हणजे कॉलेजचं व्हिसासाठीचं प्रमाणपत्र, हातात आल्याशिवाय सुट्टीत भारतात यायचं तिकीट काढायचं नाही.